सात परसांचं गाणं

आकाराम तात्यांचं गाणं दोनशे दहा सेकंदांचं होतं. त्याआधी सहा सेकंद ते एक नाव घ्यायचे. जरिनाबाईंनी दोन्ही आकडे वहीत उतरवले होते, कारण मोजलेलं लगेच लिहायचं ही त्यांची जुनी सवय. नाव मात्र त्यांनी लिहिलं नाही. त्या रकान्यात एवढंच होतं : ‘० ते ६ – नाव.’

जरिना सतारमेकर मूळच्या मिरजेच्या. वडील तंबोरे बनवायचे. भोपळा बोटानं ठोकून तो पुढे कसा बोलेल ते सांगायचे. मुलीनं ते कान घेतले आणि वर सांगलीला बी.एस्सी. केलं. आता कुंडलच्या अलीकडच्या एका गावात, हायस्कुलात त्या पदार्थविज्ञान शिकवत. बोलणं इतकं मोजकं की पोरं म्हणायची, बाई शब्दसुद्धा तराजूत घालून देतात.

शहात्तर साल सरत आलं होतं. सांगलीच्या रेडिओकेंद्रानं शाळांकडून दहा-दहा मिनिटांचे कार्यक्रम मागवले होते. मुलांनी आवाज स्वतः गोळा करायचे, स्वतः जोडायचे, सोबत शिक्षकाची सही. विषय काय घ्यावा यावर वर्गात खल चालला असताना दहावीतली लीला उठून उभी राहिली.

“बाई, आमच्या आज्याची मोट.”

वर्ग हसला. गावातल्या सगळ्या विहिरींवर विजेच्या मोटारी बसून वर्षं झाली होती. बटण दाबलं की पाणी. बैलांनी चामड्याची मोट ओढून पाणी काढणारे एकटे आकाराम तात्याच उरले होते. लोक त्यांना म्हणायचे, “म्हाताऱ्या, बैलास्नी पेन्शन दे की रं आता.”

एका रविवारी सकाळी बाई आणि चार मुली तात्यांच्या मळ्यात गेल्या. सैन्यातल्या एका माजी विद्यार्थ्यानं शाळेला भेट दिलेला, सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर बरोबर होता. तात्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, विहिरीच्या काठावर उभं राहून खाली बघत मोठ्यानं एक नाव घेतलं, आणि बैल हाकले. बैल उतरत्या धावेवरून पुढे गेले, नाडा ताणला, मोट भरून वर आली. ती त्यांनी थारोळ्यात, काठावरच्या दगडी कुंडात, ओतली नाही. बैल मागं घेतले आणि भरलेली मोट तशीच खाली सोडली. पाण्यावर तिचा आवाज झाला, आणि मग तात्या गाऊ लागले.

*पैल्या परसाला माती गं, माती लोण्यावाणी*
*दुसऱ्या परसाला मुरूम गं, पायांत न्हाई वहाणी…*

परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाइतकी खोली. विहीर सात परस खोल, आणि गाण्याची कडवीही सात. तिसऱ्यात मऊ मांजऱ्या दगड, चौथ्यात काळा कातळ, पाचव्यात सुरुंगानं नेलेला धनी, सहाव्यात एकलीचा घाव. आणि सातव्या परसाला पाणी. प्रत्येक कडव्याला बैलांची एक फेरी, तीस सेकंदांची. बैलांना ते इतकं पाठ की कडवं संपलं की ते आपसूक थांबायचे.

“तात्या, गाता तुम्ही, पण बोल तर बाईचे आहेत,” जरिनाबाई म्हणाल्या.

“बाईचंच हाय. माझ्या आज्यानं हीर पाडाय दगडफोडी नवरा-बायको आणली हुती. पाचव्या परसाला सुरुंगात नवरा गेला. मानसं म्हनली, बाई, जा आता घरला. ती काय गेली न्हाई. येकटीनं दोन परस खनलं. पानी लागलं तवा आज्यानं इचारलं, तुला काय देऊ? म्हनली, मला काय नगं. तुमीच माझं गानं घ्या, मोट हानताना म्हना, पोरास्नी शिकवा. निस्तं आधी माझं नाव घ्या आन् पैली मोट मला द्या.”

“आणि नाव नाही घेतलं तर?”

तात्यांनी बैलाच्या मानेवरची गोमाशी हाकलली. “तर माझं मी परत घीन म्हनली. खालच्या कडव्यापत्तुर.” मग ते हसले. “साळंत वाजवा की बाई. शिकवायला तिची ना न्हाई. नाव घिऊन वाजवा म्हंजे झालं.”

जरिनाबाईंनी ती कॅसेट नववीला वाजवली, दहावीला वाजवली. मोटेच्या चाकाच्या करकरीवरून कंप्रता शिकवली, विहिरीतून परत येणाऱ्या आवाजावरून प्रतिध्वनी. नाव, मग मोट, मग गाणं. त्यांचा तेवढा चांगला तास त्या वर्षी दुसरा झाला नाही.

कार्यक्रम जोडायची वेळ आली तेव्हा तो अकरा मिनिटं भरला. हेडमास्तर पवार सरांनी खुर्चीत मागं रेलून पूर्ण ऐकला.

“सुरुवातीला म्हातारा कुणाचं तरी नाव घेतोय, ते काढा. ती गाण्याआधीची मोटही काढा. गाणं एकदम चालू होऊ दे.”

“सर, ते नाव गाण्याचाच भाग आहे.”

“सतारमेकर बाई, ऐकणाऱ्याला काय कळणार त्यातलं? रेडिओ आहे, वाड्यावस्त्यांवरच्या हजेऱ्या घ्यायला बसलोय का आपण?” त्यांनी अर्ज पुढं ओढला. त्यात ‘रचनाकार व हक्कदार’ असा रकाना होता. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं : पारंपरिक. “झालं. पारंपरिक म्हटलं की परवानगी नको, तक्रार नको. हं, इथं सही करा.”

बाईंना चाचणीचे पेपर तपासायचे होते. त्यांनी सही केली.

लीलानं दोन यंत्रांना वायर जोडून नाव आणि पहिली मोट गाळलेल्या दोन प्रती काढल्या. एक सांगलीला गेली, एक शाळेत राहिली. आणि नवी कॅसेट मिळेना म्हणून मूळ कॅसेटवर सरांनी स्नेहसंमेलनातलं पाहुण्यांचं भाषण भरून घेतलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बाईंनी शाळेतली प्रत आठवीच्या वर्गात लावली. हातात घड्याळ होतंच. पहिला बोल ऐकू आल्यापासून मोजलं, तर गाणं एकशे ऐंशी सेकंदांत संपलं.

सेल नवे असतील, यंत्र जोरात फिरत असेल, हा पहिला विचार. पण मग सूर चढायला हवा. त्यांनी स्वरकाटा ठोकून ताडून पाहिला. सूर जिथल्या तिथं होता. पुन्हा लावलं. गाणं दुसऱ्या परसापासून सुरू होत होतं. पहिल्या कडव्याच्या जागी तीस सेकंद नुसती शांतता.

नाही, नुसती नव्हे. कान यंत्राला लावला तेव्हा ऐकू आलं. लांबून, खालून. टक्. मग दोन सेकंद. टक्.

कातळावर छिन्नी पडावी तसं.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत लीला दारात उभी राहिली. “बाई, आज्या गाण्याचं पयलं कडवं इसरला. आन् बैल धावंवर उभं ऱ्हात्यात, हलतच न्हाईत. दुसऱ्या कडव्याला मग चालत्यात.”

“आणि नाव?”

लीलानं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग तिचे डोळे भरले. “रोज सकाळी ऐकलंय बाई. जलमापासनं. येतंय, हितवर येतंय…” तिनं गळ्याला हात लावला.

जरिनाबाईंनी स्वतः आठवून पाहिलं. दोन वर्गांत मिळून त्यांनी ते नाव निदान पंधरा वेळा ऐकलं होतं. जिभेच्या टोकावर ते आलं, आणि पाण्यात खडा बुडावा तसं गेलं. त्यांनी वही उघडली. ‘० ते ६ – नाव.’ त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. आपण सेकंद मोजले आणि बाई सोडली.

फेब्रुवारी लागेपर्यंत गाणं नव्वद सेकंदांवर आलं. बाई आता ते वाजवत नव्हत्या. आठवड्यातून एकदा मोजण्यापुरतं लावायच्या, तरी ते कमी होतच होतं. माती गेली, मुरूम गेला, मांजऱ्या दगड गेला, कातळही गेला. टकटक मोठी होत होती, जणू कुणी एकेक परस खणत जवळ येत होतं. तात्यांच्या तोंडातही तेवढंच उरलं होतं, बरोबर तेवढंच. ते विहिरीच्या काठावर बसून राहायचे.

“शेवटच्या कडव्यात पानी हाय, बाई,” ते म्हणाले. “ते गेलं तर माझ्या हिरीत काय ऱ्हानार?”

कार्यक्रम गुरुवारी दुपारी दोन वाजता लागणार होता. सांगली, सातारा, कोल्हापूर, जिथवर आवाज पोचतो तिथवर एकदम. वर्गात चाळीस पोरांपुढं नाव न घेता एकदा वाजवलं तर एवढं झालं; हजारो घरांत वाजलं तर काय, हे बाईंना मोजता येईना.

सोमवारी रजा टाकून त्या एस.टी.नं सांगलीला गेल्या. कार्यक्रम बघणाऱ्या अधिकारी बाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा दोरीला अडकवलेला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बाई, तुम्ही वर्गात शिकवताना वाजवलंत त्याला कायद्याची आडकाठी नाही. प्रक्षेपण म्हटलं की हक्कदाराची संमती लागते. पण ही बाई कधी वारली?”

“तात्यांच्या आजोबांच्या वेळी विहीर झाली. सत्तर वर्षं तरी झाली. पुढं दोन-चार वर्षांतच ती गेली म्हणतात.”

“मग संपलंच. कर्ता जाऊन पन्नास वर्षं झाली की कायद्यानं कुणाचाच हक्क उरत नाही.”

“कायद्यानं नाही,” जरिनाबाई म्हणाल्या.

अधिकारी बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मग उठून कपाटातली कॅसेट काढली आणि लावली. टक्. टक्. टक्. आणि एकदम मधूनच, पाचव्या परसापासून, तात्यांचा आवाज. “अगंबाई, हे तर अर्धंच आहे. आलं तेव्हा पूर्ण ऐकलं होतं मी.” त्यांनी बटण जरा घाईनंच दाबलं. “परत न्यायची का? हेडमास्तरांचं पत्र आणा.”

“ते देणार नाहीत. शनिवारी विचारलं मी.”

“मग एक करता येईल. गाण्याआधी निवेदक नाव वाचतील. तेवढं मी माझ्या अधिकारात करते. पण नाव पाहिजे. ‘एक बाई’ असं नाही वाचता येत.”

येताना एस.टी.त जरिनाबाईंनी पदार्थविज्ञानातलं जे जे आठवलं ते लावून पाहिलं. काहीच लागू पडेना. शेवटी राहिली एकच गोष्ट, आणि ती प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात : ज्याच्याबद्दल माहिती हवी, त्याच्याजवळ जाऊन बघा.

मंगळवारी भर दुपारी बारा वाजता, ऊन माथ्यावर आलं असताना, त्यांनी पाटीत गोणपाट घालून त्यावर टेपरेकॉर्डर ठेवला. कोरी कॅसेट घातली. ती त्यांनी मिरजेहून भावाकडून मागंच मागवून ठेवली होती. तिचं वेष्टण त्यांनी लीलासमोर फोडलं. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि तात्यांनी पाटी हळूहळू खाली सोडली, पाण्याच्या वीतभर वर.

“काय बोलायचं का बाई?” लीलानं कुजबुजत विचारलं.

बाईंना हे आपण करतोय याचीच लाज वाटत होती. तरी त्या काठाशी वाकल्या. त्यांचा चेहरा खाली पाण्यात दिसला, लहान आणि काळा. “आमची चूक झाली,” त्या म्हणाल्या. “सही माझी आहे. तुमचं नाव सांगा.”

मग तिघंही काठावर बसले. वारा नव्हता. शेजारच्या उसात एरवी मोटारीची घरघर असायची. वीज गेली असावी, तीही नव्हती. बाईंनी अर्धा तास मोजला आणि पाटी वर घेतली.

कॅसेट त्यांनी आधी एकटीनं ऐकली, झाडाखाली, विहिरीकडं पाठ करून. थेंब पडल्याचा आवाज. पारव्याचे पंख. त्यांचं स्वतःचं बोलणं, वरून, परक्या बाईचं वाटावं असं. आणि मग टक्. आता ते लांब नव्हतं. यंत्राच्या हातभर अंतरावर कुणीतरी खणत होतं, आणि घाव घालताना नाकानं श्वास सोडत होतं. सोळा घाव झाले. सतराव्याच्या वेळी हत्यार खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दमलेल्या माणसाचा एक लांब श्वास. आणि नाव.

बाईंनी ते लगेच चिठ्ठीवर लिहिलं, घडी घातली, मुठीत धरली. लीलाला यंत्र दिलं, वेगळ्या चिठ्ठीवर ऐकलेलं लिही म्हणून सांगितलं. पोरीनं कान यंत्राला लावून लिहिलं. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी उलगडल्या. दोन्हींवर एकच होतं.

तिमव्वा.

तात्यांनी ऐकलं. “मला निस्ता दगड ऐकू येतोय गं,” ते म्हणाले. नाव त्यांना दोघींनी सांगितलं. त्यांनी ते तोंडात घोळवलं, मान डोलावली, आणि घरी पोचेपर्यंत ते त्यांच्याकडून गेलं होतं.

बुधवारी जरिनाबाई चिठ्ठी घेऊन सांगलीला पोचल्या. अधिकारी बाईंनी ‘पारंपरिक’ या शब्दावर रेघ मारली, बाजूला नाव लिहिलं, खाली सही केली. त्यांच्याकडची कॅसेट आता तीसच सेकंद गात होती. सातवं परस तेवढं उरलेलं.

“उद्या काय वाजेल ते मला सांगता येत नाही हं,” त्या म्हणाल्या.

“मलाही,” जरिनाबाई म्हणाल्या.

गुरुवारी लीला शाळेत थांबली. सगळा दहावीचा वर्ग हेडमास्तरांच्या खोलीत रेडिओभोवती बसणार होता. जरिनाबाई ट्रान्झिस्टर घेऊन तात्यांच्या विहिरीवर गेल्या. जायचं कारण त्यांनी स्वतःला पाण्याची पातळी मोजणं असं सांगितलं होतं. दोरीला गाठी मारून आणल्याही होत्या.

दोन वाजले. निवेदकाचा भरदार आवाज आला. शाळेचं नाव आलं, विद्यार्थिनींची नावं आली. “…आणि हे गाणं रचलं आहे…”

पुढं काही नाही.

ट्रान्झिस्टर चालू होता. त्याची बारीक खरखर येत होती. बाईंनी नकळत मोजायला सुरुवात केली. एक. दोन. विहिरीतून आवाज आला. पाण्याचा नव्हे, ओल्या कातळाला वरून तडा जावा तसा. बैलांनी कान टवकारले. तीन. तात्या उभे राहिले. “बाई, काय वं? का थांबलं त्ये?”

चिठ्ठी सांगलीत होती. दुसरी लीलाच्या दप्तरात, कॅसेट शाळेत. चार. बाईंनी आठवलं, आणि नाव खाली निघालं, खडा बुडतो तसं. त्यांनी डोळे मिटून त्याच्यामागं हात घातला. अक्षरं नाही आठवली. बोटानं भोपळा ठोकणारा बाप आठवला; आधी ऐक, मग बोल, म्हणायचा. पाच. त्यांनी तो लांब श्वास ऐकला, अर्धवट, आणि त्याच्या शेवटाला धरून त्या विहिरीत वाकून ओरडल्या. आयुष्यात त्या कधी ओरडल्या नव्हत्या.

“तिमव्वा! तिमव्वाचं गाणं!”

विहिरीनं ते नाव परत दिलं. एकदा, मग जरा वेगळ्या आवाजात आणखी एकदा.

*पैल्या परसाला माती गं,* ट्रान्झिस्टर गाऊ लागला, *माती लोण्यावाणी…*

तात्यांनी वहाणा भिरकावल्या. रेडिओतले तात्या दुसऱ्या कडव्यावर पोचले तेव्हा काठावरचे तात्या बैल जुंपत होते. चौथ्याला त्यांचा आवाज लागला, पाचव्याला तो रेडिओच्या पुढं धावू लागला. पहिली मोट भरून वर आली. त्यांनी ती परत खाली सोडली आणि गाल पुसले. जरिनाबाईंनी गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडलीच नाही. घड्याळ मात्र पाहिलं. दोनशे दहा.

तासाभरानं लीला बांधावरून पळत आली, दोन्ही वेण्या सुटलेल्या.

“बाई! आज्या! ऐकलं का? नाव कसलं झ्याक घेतलं वं त्या रेडिओवाल्यानं! येकदम खणखणीत! पवार सर म्हनलं, कोन ही तिमव्वा? मी म्हनलं, आमच्या हिरीची हाय.”

जरिनाबाईंनी तात्यांकडे पाहिलं. “रेडिओवर घेतलं? इथं तर काहीच आलं नाही. सहा सेकंद गप्प होता तो.”

तात्या बैलांच्या पाठीवर हात फिरवत होते. त्यांना काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

“तिला तुमच्या त्वांडनं ऐकायचं आसंल, बाई,” ते म्हणाले. “रेडिओचं काय, त्यो कुनाचंबी नाव घेतोय.”